बर्फाचा जमाखर्च

(मंडळाच्या गणेशोत्सवात ड्युसेलडॉर्फ येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर. बोलण्याचा ओघ शक्य तितका तसाच ठेवला आहे.)



आरती झाली, प्रसाद झाला, आणि आता जेवणापर्यंतचा वेळ कार्यकारिणीने माझ्या हवाली केला आहे. मला विषय विचारला गेला तेव्हा मी "उत्तर ध्रुवाजवळच्या हिमनद्यांवरची हवामानकेंद्रं" असं सांगितलं. फोनवर पलीकडे क्षणभर शांतता पसरली. मग प्रश्न आला, "स्लाइड्स आहेत ना?" आहेत. पण अस्वलाचा फोटो एकच आहे आणि तोही फार लांबून काढलेला, तेव्हा बालगोपाळांनी फार आशा धरू नये.

मघाशी ओळख करून देताना मला 'शास्त्रज्ञ' म्हटलं गेलं. ते प्रेमापोटी. मी मोजमापाच्या उपकरणांची इंजिनिअर आहे. थर्मामीटर, वारा मोजणारी यंत्रं, ऊन मोजणारी यंत्रं खरं बोलतात की थापा मारतात हे तपासायचं, हा माझा पोटापाण्याचा उद्योग. त्या निमित्ताने तीन उन्हाळे मला स्वालबार्डला जायला मिळालं. आणि खरं सांगायचं तर हा उद्योग घरातूनच आला. माझे बाबा पुण्याच्या 'सिमला ऑफिस'मध्ये नोकरीला होते. १९२८ साली हवामान खात्याचं मुख्यालय सिमल्याहून पुण्यात आलं, त्याची ही इमारत. पत्ता शिवाजीनगरचा, नाव सिमल्याचं. पुणेकरांना यात काही खटकत नाही.

पहिल्यांदा निघाले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "अगं, तिथे थंडी आहे हे सांगायला यंत्र कशाला हवं?" प्रश्न अगदी रास्त आहे. एकदा जाऊन थर्मामीटर लावला तर त्यातून काहीही कळत नाही. त्याच जागी, त्याच पद्धतीने, रोज, आणि तीस-चाळीस-पन्नास वर्षं मोजलं तरच तो आकडा बोलायला लागतो. आजचं सगळं बोलणं या 'त्याच जागी, त्याच पद्धतीने' याभोवतीच आहे. कारण ते जितकं सोपं वाटतं तितकं नाही.

याची सुरुवात कुठे झाली ते सांगते, कारण ती आपल्या गावाशी जोडलेली आहे. आपल्यातले बरेच जण शनिवारी कार्लप्लाट्झच्या बाजारात जातात. महाग आहे, पण भाजी ताजी मिळते. तो चौक आणि त्याभोवतीचा कार्लश्टाट हा भाग ज्याच्या नावाने आहे, तो राजा म्हणजे कार्ल थिओडोर. पाहुणे आले की आपण त्यांना बेनराथचा राजवाडा दाखवायला नेतो, तोही त्यानेच बांधून घेतला. या माणसाने १७८० मध्ये मानहाइमला एक हवामानविषयक संस्था काढली. तिने काय केलं? युरोपभर, पार ग्रीनलंडपर्यंत, एकाच बनावटीची उपकरणं फुकट वाटली आणि सगळ्यांना सांगितलं की सकाळी सात, दुपारी दोन आणि रात्री नऊ, या तीनच वेळांना वाचन करायचं आणि एकाच नमुन्यात लिहायचं. एकूण ३९ केंद्रं होती. संस्था पुढे युद्धांच्या धामधुमीत बुडाली, पण बव्हेरियातल्या होहेनपाइसेनबेर्गला मठातल्या पाद्र्यांनी १७८१ मध्ये सुरू केलेली नोंद आज २०० वर्षं उलटून गेली तरी चालू आहे. संस्था गेली, राजा गेला, वही राहिली.

आपल्याकडेही हे काही नवीन नाही. मुंबईची कुलाबा वेधशाळा १८२६ मधली, आणि १८४१ पासून तिथे नियमित नोंदी आहेत. जागेचं महत्त्व किती, हे ज्यांनी २६ जुलै २००५ मुंबईत काढला त्यांना मी काय सांगणार? त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि कुलाब्याला जेमतेम ७४. एकच शहर, एकच दिवस. सांताक्रूझला केंद्र नसतं तर कागदोपत्री मुंबईत त्या दिवशी साधारण पावसाळी हवा होती!

याचंच जर्मन उदाहरण घ्या. २५ जुलै २०१९ ची ती भट्टी आठवते? घरात एसी नाही, पंखे दुकानांतून संपलेले. त्या दिवशी लिंगन या गावी ४२.६ अंश नोंदले गेले आणि जर्मनीचा उच्चांक म्हणून सगळ्या पेपरांत छापून आले. पण त्या केंद्राभोवती झाडंझुडपं वाढून वारा अडत होता, हवा कोंडत होती. शेवटी २०२० च्या अखेरीस हवामान खात्याने तो आकडा रद्द केला. आता विक्रम कुणाच्या नावावर आहे? आपल्याच शेजाऱ्यांच्या. ड्युइसबुर्ग-बेर्ल आणि टोनिसफोर्स्ट, दोन्हीकडे ४१.२. झाडं कुणी मुद्दाम लावली नव्हती, ती आपली वाढत गेली. तीस वर्षांच्या नोंदीत असे प्रकार होतातच. ते पकडणं हेच आमचं काम.

आता बर्फावर जाऊया.

स्वालबार्ड म्हणजे नॉर्वेच्याही उत्तरेला असलेला द्वीपसमूह. निम्म्याहून अधिक जमीन हिमनद्यांखाली. त्यात ७९ अक्षांशाच्या आसपास नी-ओलेसुंड नावाची वस्ती आहे. पूर्वी कोळशाची खाण होती. १९६२ च्या स्फोटात २१ माणसं गेली आणि पुढच्या वर्षी खाण बंद झाली. आता तिथे निरनिराळ्या देशांची संशोधन केंद्रं आहेत. गावात वाय-फाय आणि ब्लूटूथ वापरायला बंदी, कारण तिथल्या मोठ्या अँटेना आकाशातले अतिशय क्षीण संदेश ऐकत असतात. वस्तीबाहेर पडायचं तर बंदूक सोबत हवी, अस्वलांसाठी. आणि घरात शिरताना बूट दाराशी काढायचे. खाणकामगारांच्या काळापासूनची पद्धत, कोळशाची धूळ आत येऊ नये म्हणून. मला तर पहिल्याच दिवशी घरी आल्यासारखं वाटलं.

गावाजवळच दोन छोट्या हिमनद्या आहेत, ऑस्त्रे ब्रॉगरब्रेन आणि मिद्रे लोवेनब्रेन. 'ब्रेन' म्हणजे नॉर्वेजियनमध्ये हिमनदी, डोक्याशी संबंध नाही. नॉर्वेच्या ध्रुवीय संस्थेने १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून या दोघींचा हिशेब ठेवला आहे, आणि तो शब्दशः जमाखर्चासारखा असतो. बर्फात खोल भोकं पाडून काठ्या रोवतात. हिवाळा संपताना, म्हणजे साधारण आपल्या पाडव्याच्या सुमारास, किती बर्फ साठला ते मोजायचं, ती जमा. उन्हाळा संपताना, पितृपक्षाच्या आसपास, काठी किती उघडी पडली ते मोजायचं, तो खर्च. उरते ती शिल्लक. इतक्या वर्षांत शिल्लक जमेची निघाली अशी वर्षं बोटांवर मोजण्याइतकी. बाकी सगळी वर्षं तोट्याची. कुठलंही दुकान अशाने केव्हाच बंद पडलं असतं.

काठी तोटा किती ते सांगते, पण का ते सांगत नाही. त्यासाठी हवामानकेंद्र हवं, आणि ते गावात नव्हे, बर्फावरच. असं का? वितळणाऱ्या बर्फाचा पृष्ठभाग शून्य अंशाच्या वर जाऊच शकत नाही. वरून येणारी सगळी उष्णता तो वितळण्यात खर्च करतो. एक किलो बर्फ वितळवायला जितकी उष्णता लागते, तेवढ्यात तेच पाणी शून्यापासून जवळजवळ ऐंशी अंशांपर्यंत तापेल. म्हणजे चहाचं आधणच म्हणा. त्यामुळे हिमनदीच्या अंगाला लागून गार हवेचा एक थर असतो आणि तो उतारावरून खाली वाहत राहतो. चार किलोमीटरवरच्या गावातला थर्मामीटर एक सांगतो आणि बर्फावरचा दुसरं. शिवाय वितळवण्याचं मुख्य काम बहुतेक वेळा हवा करत नाही, ऊन करतं. ताजा भुरभुरीत बर्फ दहातले आठ-नऊ वाटे ऊन परत पाठवून देतो. जुना, उघडा, मळका बर्फ दहातले तीन-चारच. त्यामुळे जूनमध्ये वरची पांढरी दुलई आठवडाभर आधी गेली तर खालचा काळपट बर्फ ऐन उन्हाच्या दिवसांत उघडा पडतो. सरासरी तापमान तेवढंच राहिलं तरी तोटा दुप्पट होऊ शकतो. हे समजायचं तर वरून येणारं ऊन, खालून परतणारं ऊन, बर्फातून आणि आभाळातून येणारी अदृश्य उष्णता, वारा, दमटपणा, सगळं एकाच जागी मोजावं लागतं.

असं केंद्र दिसतं कसं? अगदी साधं. एक तिपाई किंवा चौपाई, वर आडवा दांडा, त्याला उपकरणं लटकवलेली, पायांमध्ये बॅटऱ्यांची पेटी, बाजूला सोलर पॅनल आणि उपग्रहाकडे आकडे पाठवणारा छोटा अँटेना. गंमत पायांत आहे. वितळणाऱ्या भागात तिपाई बर्फात रोवत नाहीत, नुसती ठेवतात. बर्फ खाली गेला की तीही त्याच्याबरोबर खाली जाते, आणि उपकरणांची बर्फापासूनची उंची तशीच राहते. तिच्या शेजारी मात्र एक खांब खोल रोवलेला असतो. त्यावरून एक यंत्र खाली आवाज सोडतं आणि प्रतिध्वनी यायला किती वेळ लागला यावरून अंतर काढतं. बर्फ जसा वितळेल तसं अंतर वाढतं. आवाजाचा वेग हवेच्या तापमानाप्रमाणे बदलतो, म्हणून तापमान चुकलं की हेही चुकलं! उंचावर जिथे बर्फ साठत जातो तिथे उलटी तऱ्हा. तिथे केंद्र दरवर्षी गाडलं जातं आणि दरवर्षी फावड्याने उकरून वर काढावं लागतं. पीएच.डी. करणाऱ्या मुलामुलींना फावडं चालवायचं प्रशिक्षण आधी द्यावं असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि थापा मारण्याचे प्रकार किती! स्वच्छ ऊन, वारा नाही, खाली चकचकीत बर्फ. थर्मामीटरला वरून छत्री असते, पण ऊन खालून परतून येतं आणि तो भलताच चढा आकडा दाखवतो. त्यावर उपाय पंखा, पण पंख्याला वीज लागते आणि तिथे हिवाळ्यात चार महिने सूर्य उगवत नाही. ऊन मोजणाऱ्या काचेवर हिमाचा थर बसतो. वाऱ्याचं चक्र गोठतं आणि मग नोंद येते 'वारा शून्य', त्या वेळी बाहेर वादळ चालू असतं. तिपाई जरा कलली की सकाळचं ऊन जास्त, संध्याकाळचं कमी. कोल्हे वायरी कुरतडतात. अस्वलं सगळंच चावून पाहतात. म्हणून वर्षातून एकदा माणसाला तिथे जावंच लागतं, आणि नवं यंत्र लावताना जुनं काही दिवस शेजारी तसंच चालू ठेवावं लागतं, म्हणजे दोघांमधला फरक कळतो. जुनं आधी काढून टाकलं की नोंदीत एक पायरी तयार होते, आणि वीस वर्षांनी कुणीतरी त्या पायरीलाच हवामानबदल समजतं.

हे सगळं आज यंत्रं करतात. पूर्वी माणसं करायची.

आल्फ्रेड वेगेनर हे नाव भूगोलात वाचलं असेल, खंड सरकतात हे सांगणारा. पण तो मुळात हवामानशास्त्रज्ञ. १९३० मध्ये त्याच्या मोहिमेने ग्रीनलंडच्या बर्फाच्या मधोमध, पश्चिम किनाऱ्यापासून ४०० किलोमीटर आत आणि समुद्रसपाटीपासून सुमारे ३००० मीटरवर 'आइसमिटे' हे केंद्र उभं केलं. घर न्यायचं होतं, ते पोहोचलंच नाही. मग योहानेस गेऑर्गी आणि एर्न्स्ट झोर्गे यांनी बर्फातच गुहा खोदली. उरलेली रसद घेऊन वेगेनर ३० ऑक्टोबरला कसाबसा पोहोचला. सोबतच्या फ्रिट्झ लोवेच्या पायाची बोटं गोठलेली होती, ती गेऑर्गीने साध्या चाकूने कापली. शिधा सगळ्यांना पुरेसा नव्हता, म्हणून १ नोव्हेंबरला, स्वतःच्या पन्नासाव्या वाढदिवशी, वेगेनर रास्मुस विलुमसेन या ग्रीनलंडच्या तरुणाबरोबर परत निघाला. दोघेही किनाऱ्याला पोहोचले नाहीत. वेगेनरचा देह १९३१ च्या मे महिन्यात सापडला, विलुमसेनचा कधीच नाही. आत गुहेत तिघे हिवाळाभर वाचनं घेत राहिले. बाहेर तापमान उणे ६० च्याही खाली जात होतं. ग्रीनलंडच्या मध्यावरच्या हिवाळ्याचे पहिले सलग आकडे आपल्याकडे आहेत ते या तिघांमुळे. वेगेनरच्या नावाने १९८० मध्ये ब्रेमरहाफेनला संस्था निघाली. विलुमसेनच्या नावाने काय निघालं, हा प्रश्न मला नेहमी पडतो.

दुसरी गोष्ट आपल्या शेजारची. इथून एस-बानने जाता येतं त्या बोखुमचा विल्हेल्म डेगे. पेशाने शिक्षक, अभ्यास भूगोलाचा, स्वालबार्ड पायी पालथं घातलेला. दुसऱ्या महायुद्धात दोन्ही बाजूंना उत्तरेकडची हवा कळणं फार गरजेचं होतं, कारण युरोपातली वादळं तिकडून येतात. म्हणून सप्टेंबर १९४४ मध्ये डेगेसह ११ जणांची तुकडी स्वालबार्डच्या ईशान्य बेटावर गुप्त हवामानकेंद्र चालवायला गेली. मे १९४५ मध्ये युद्ध संपलं. मग त्यांनी तेच संदेश सांकेतिक भाषेऐवजी साध्या भाषेत पाठवायला सुरुवात केली. त्यांना न्यायला मात्र कुणी येईना! शेवटी ४ सप्टेंबर १९४५ ला सील मारणाऱ्या नॉर्वेजियन लोकांची एक बोट आली आणि डेगेने तिच्या कप्तानापुढे शरणागती पत्करली. शरण आलेली ती शेवटची जर्मन सशस्त्र तुकडी. कुणाच्या बाजूने मोजत होते हे विसरायचं कारण नाही. ते हिटलरच्या सैन्यासाठी मोजत होते. पण तेव्हाचा हवेचा दाब आजच्या गणितातही चालतो, त्याला बाजू नसते.

आता अलीकडचं. नी-ओलेसुंडला १९९१ मध्ये जर्मनीचं केंद्र उभं राहिलं. २००३ पासून ते फ्रेंचांबरोबर एकत्र चालतं. तिथून रोज एक फुगा आकाशात सोडतात. त्या केंद्राच्या नोंदींनुसार १९९३ ते २०११ या काळात तिथलं वार्षिक सरासरी तापमान दर दशकाला सुमारे १.३ अंशांनी वाढलं, आणि नुसत्या हिवाळ्याचं दर दशकाला सुमारे ३ अंशांनी. उन्हाळ्यापेक्षा हिवाळा जास्त बदलतोय, हे कुणाच्या डोक्यातही आलं नसतं. हिवाळ्यात मधेच पाऊस पडतो, तो गोठून जमिनीवर काचेसारखा थर होतो, आणि खालचं गवत न मिळाल्याने रेनडिअर उपाशी मरतात. २०२४ च्या उन्हाळ्यात तर स्वालबार्डच्या हिमनद्यांनी एका मोसमात एकूण बर्फाचा सुमारे एक टक्का गमावला. एक टक्का ऐकायला किरकोळ वाटतो. मुदत ठेवीतून दरवर्षी एक टक्का मुद्दल गेली तर आपण बँकेत जाऊन भांडू.

पण लांबच्या नोंदी दर वेळी भीतीच वाढवतात असं नाही, आणि मला हे मुद्दाम सांगायचंय. २००२ मध्ये ग्रीनलंडमधल्या 'स्विस कँप'जवळच्या मोजणीवरून एक निबंध आला. उन्हाळ्यात वितळलेलं पाणी भेगांतून तळाशी जातं, वंगणासारखं काम करतं आणि बर्फ वेगाने घसरतो. मग सगळीकडे चर्चा, की आता सगळा ग्रीनलंड समुद्रात घसरणार. आपल्यापासून मोटारने दोन तासांवर असलेल्या उट्रेख्त विद्यापीठाचे लोक १९९० पासून पश्चिम ग्रीनलंडमध्ये एकाच रेषेवर दरवर्षी काठ्या मोजत होते, आणि १९९३ पासून तिथे स्वयंचलित केंद्रंही चालवत होते. त्या रेषेच्या खालच्या टोकाला वर्षाला तीन-चार मीटर बर्फ वितळतो. २००८ मध्ये त्यांनी १७ वर्षांचे आकडे मांडले. उन्हाळ्यात वेग वाढतो हे खरं, पण थोड्या दिवसांपुरता. वर्षाचा एकूण वेग त्या काळात उलट किंचित कमी झाला होता. पाणी तळाशी आपल्या वाटा करून घेतं आणि निघून जातं. वितळण्याचा धोका त्याने कमी होत नाही, पण धोका कुठला हे नीट कळलं. दोन-तीन वर्षांच्या प्रकल्पातून हे कधीच निघालं नसतं.

आणि इथे खरी अडचण आहे. संशोधनाला पैसे मिळतात ते तीन वर्षांसाठी, फार तर पाच. अर्जात 'नवीन काय' हा रकाना असतो. "गेल्या वर्षी मोजलं तेच यंदाही मोजणार" हे तिथे लिहून पैसे मिळत नाहीत. त्यामुळे या नोंदी बहुतेक वेळा एखाद्या हट्टी माणसाच्या जिवावर चालतात. स्विस कँप उभारणारे कोनराड स्टेफन तसेच. १९९० पासून दरवर्षी तिथे जात राहिले, १९९५ पासून त्यांनी ग्रीनलंडभर केंद्रांचं जाळं उभं केलं. ८ ऑगस्ट २०२० ला त्याच कँपजवळ बर्फाच्या भेगेत पडून त्यांचा मृत्यू झाला. पुढे डेन्मार्कच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेने ते जाळं आपल्याकडे घेतलं; त्यांचं स्वतःचं जाळं २००७ पासून होतंच. ते नसतं तर? उपकरणं उभी राहिली असती, काही महिने आकडे येत राहिले असते, मग एकेक बंद पडत गेलं असतं.

दुसरा धोका राजकारणाचा. आर्क्टिकचा जवळजवळ अर्धा किनारा रशियाचा. २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाल्यापासून रशियातल्या बऱ्याच केंद्रांचे आकडे बाकीच्यांपर्यंत पोहोचणं थांबलं. तिथलं बर्फ वितळायचं काही थांबलेलं नाही.

आता आपला भारत. तुम्हाला माहीत नसेल पण स्वालबार्डविषयीच्या १९२० च्या करारावर, ब्रिटिश साम्राज्याचा भाग म्हणून का होईना, भारताचंही नाव आहे. ऑगस्ट २००७ मध्ये पहिली भारतीय मोहीम गेली आणि १ जुलै २००८ ला नी-ओलेसुंडला 'हिमाद्री' सुरू झालं. लाल-तपकिरी रंगाचं साधं घर, पण दारावर आपल्या भाषेतली अक्षरं दिसली की पाय थबकतात. हे केंद्र चालतं कुठून? गोव्यातून! वास्कोच्या ध्रुवीय आणि महासागर संशोधन संस्थेतून. म्हणजे मासळी-भात खाऊन माणसं थेट अस्वलांच्या देशात. तिथल्या वेस्त्रे ब्रॉगरब्रेन या हिमनदीवर भारतीयांनीही काठ्या रोवून जमाखर्च ठेवला आहे. बरीच वर्षं हिमाद्रीत उन्हाळ्याच्या आसपासच माणसं असत. डिसेंबर २०२३ मध्ये पहिली हिवाळी मोहीम निघाली. मघाशी सांगितलेलं आठवा, बदल हिवाळ्यातच जास्त आहे.

"आपल्याकडे हिमालय असताना तिकडे कशाला?" हे मला गेल्या वर्षी पुण्यात एका लग्नात विचारलं गेलं. हिमालयातल्या बर्फाचा आणि मोसमी पावसाचा संबंध हेन्री ब्लॅनफर्ड यांनी १८८४ मध्येच मांडला होता, तेव्हा कुतूहल नवं नाही. पण हिमालयात चार-पाच हजार मीटरवर, ऑक्सिजन कमी, रस्ते वर्षातले काही महिनेच उघडे, तिथे सलग नोंद ठेवणं स्वालबार्डपेक्षाही अवघड. लाहौल-स्पितीतल्या छोटा शिग्री हिमनदीचा हिशेब दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाने २००२ पासून ठेवला आहे. हिमालयातल्या सलग नोंदींपैकी ही एक मोठी, आणि ती वीस-बावीस वर्षांची! गोव्याच्याच संस्थेने २०१६ मध्ये स्पितीत साडेतेरा हजार फुटांवर 'हिमांश' हे केंद्र काढलं. ध्रुवाजवळ शिकलेलं तिथे कामाला येतं.

उशीर झाला की काय होतं ते सिक्कीममध्ये दिसलं. दक्षिण ल्होनाक हे हिमनदीच्या तोंडाशी वाढत गेलेलं सरोवर. धोका अभ्यासकांना माहीत होता. पूर्वसूचनेची पहिली पायरी म्हणून सप्टेंबर २०२३ मध्ये तिथे कॅमेरे आणि हवामानाची उपकरणं बसवली गेली. ४ ऑक्टोबर २०२३ च्या पहाटे ते सरोवर फुटून आलेल्या पाण्याने चुंगथांगचं धरण वाहून नेलं, आणि तीस्ताकाठची कितीतरी माणसं गेली. उपकरणं बसून काही आठवडेच झाले होते. धोक्याची पातळी कुठली, हे ठरवायलाच आधी काही वर्षांच्या नोंदी लागतात.

मला वाटतं एवढं पुरे. आता प्रश्न.

(यानंतर बरेच प्रश्न आले, त्यातले दोन इथे देत आहोत.)

'अस्वल समोर आलं तर काय करता?' हा प्रश्न इयत्ता तिसरीतल्या श्रोत्याचा. आधी मागे सरायचं, मग आवाजाची गोळी हवेत उडवायची, अस्वल बहुतेक निघून जातं. त्यासाठी जाण्याआधी बंदुकीचा सराव करावा लागतो. माझा नेम फार वाईट नव्हता, आणि तो वापरायची वेळ आली नाही.

'आपल्या मुलांना तिकडे शिकायला किंवा नुसतं बघायला जाता येतं का?' येतं. लाँगयरब्येनला विद्यापीठ केंद्र आहे, १९९३ पासूनचं. हिमनद्या, हवामान असे विषय इंग्रजीतून शिकवतात आणि शिकवणीची फी नाही; राहण्याखाण्याचा खर्च मात्र भरपूर. बघायला जायचं तर ओस्लोहून विमान आहे. एक गोष्ट लक्षात ठेवा. स्वालबार्डला स्वतःचा व्हिसा लागत नाही, पण ते शेंगेनच्या बाहेर आहे. त्यामुळे जाताना-येताना पासपोर्ट तपासतात. इथला राहण्याचा परवाना असेल तर तो आणि पासपोर्ट दोन्ही बरोबर घ्या. पण भारतातून आई-बाबा आले असतील आणि त्यांना न्यायचं असेल, तर त्यांचा शेंगेन व्हिसा एकदाच प्रवेशाचा नाही ना, हे तिकीट काढण्याआधी बघा. नाही तर जाता येईल, परत येता येणार नाही.